कुठल्या व्यासांशी प्रामाणिक राहायचं?

(पत्रलेखिकेची ओळख पटेल असे तपशील गाळून पत्राचा गोषवारा देत आहोत.)

‘मी ३२ वर्षांची आहे. मुंबईत मालिकांचे संवाद लिहिते. एका निर्मात्यांनी द्रौपदीवर मराठी चित्रपट लिहायला सांगितलाय. बजेट बेताचंच आहे, पण त्यांना भीष्मप्रतिज्ञेपासून स्वर्गारोहणापर्यंत सगळं हवंय, आणि युद्ध तर हवंच. अकरा महिन्यांत माझी २१४ पानं झाली आहेत आणि अजून कथा वनवासातच आहे. आजोबा ८४ वर्षांचे. आयुष्यभर कीर्तनं केली. लहानपणी महाभारत मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. त्यांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “व्यासांच्या शब्दाला हात लावणारी तू कोण?” तेव्हापासून या विषयावर आमच्यात बोलणंच नाही. दुसरीकडे मित्रमैत्रिणी म्हणतात, आजच्या मुलींना पटेल अशी द्रौपदी लिही, जुनं सोडून दे. समाजमाध्यमांवर काय होईल याची धास्ती वेगळीच. मूळ महाभारताशी प्रामाणिक राहू, की आजच्या प्रेक्षकाशी? आणि मुळात हा अधिकार मला आहे का?’

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा २१४ पानांचा आकडा मनात राहिला, दुसऱ्यांदा आजोबांचं वाक्य. मला वाटतं तुमची अडचण या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. आजोबांच्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही म्हणून तुम्ही पानं वाढवत आहात. काहीच गाळलं नाही तर कुणी नावं ठेवणार नाही, अशी त्यामागची आशा असावी. मीही यातून गेले आहे. विराटपर्वावरचा माझा एक मसुदा आजही कपाटात फडक्यात बांधून ठेवलेला आहे. त्यात सगळं होतं आणि गोष्ट कुणाची आहे, तेवढंच नव्हतं.

आधी ‘मूळ’ या शब्दापाशी थोडं थांबू. तुमची निम्मी भीती त्यातच आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचं काम सुरू झालं. काश्मीरपासून केरळपर्यंतची, वेगवेगळ्या लिप्यांमधली बाराशेंहून अधिक हस्तलिखितं जमवून ती श्लोकाला श्लोक लावून ताडून पाहिली गेली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर या कामाचे प्रमुख संपादक होते. १९४३ साली ते गेले, तरी काम चालूच राहिलं आणि १९६६ साली पुरं झालं. सत्तेचाळीस वर्षं. एवढं करूनही संपादकांनी ‘हे घ्या व्यासांचं मूळ’ असा दावा केला नाही. हाती असलेल्या हस्तलिखितांवरून मागे जाता येईल तितकं जुनं रूप आम्ही सिद्ध केलंय, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. जे पाठ नंतरचे वाटले ते त्यांनी टाकूनही दिले नाहीत. तळटिपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले.

आता या आवृत्तीतलं सभापर्व उघडा. आपण लहानपणापासून ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदीचं वाक्य ऐकत आलोय. ते तिथे नाही. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात. नंतर दुर्योधन घरी जाऊन धृतराष्ट्राला सांगतो की द्रौपदीही बायकांसह मला हसली. म्हणजे निवेदक एक सांगतो आणि दुखावलेला माणूस दुसरं. पटकथा लिहिणाऱ्याला याहून मोठी देणगी कोणती हवी? अपमान होताना किती झाला आणि सांगताना किती वाढला, हे ग्रंथातच आहे. स्वयंवरातलं ‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ हेही या आवृत्तीच्या मुख्य संहितेत सापडत नाही. वस्त्रहरणाच्या वेळचा द्रौपदीचा कृष्णाचा धावासुद्धा तिथे नाही. वस्त्रामागून वस्त्र निघत राहतं आणि ते कुणी पुरवलं हे श्लोक सांगत नाहीत.

याचा अर्थ धावा खोटा, असा अजिबात नाही. माझी आजी तो प्रसंग ऐकताना पदर डोळ्यांना लावायची. ते रडणं खरं होतं. कृष्णाचं बोट कापलं आणि द्रौपदीनं भरजरी पितांबर फाडून चिंधी बांधली, ही कथा व्यासांच्या ग्रंथात नाही. पण १९५३च्या ‘श्यामची आई’ चित्रपटातल्या गाण्यानं ती मराठी घराघरांत इतकी रुजली आहे की ती काढून घेतली तर आपल्या द्रौपदीचा एक हातच तुटेल. जांभूळ आख्यानातली जांभळाची कथा तशीच. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी काहीतरी होतं, हे सांगायचं धाडस आपल्या लोककलावंतांनी केलं आणि गावोगावच्या लोकांनी ते ऐकून घेतलं.

तुमच्या आजोबांकडे येते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगातलं निरूपण झालं की उत्तररंगात आख्यान लागतं. हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या आख्यानात आजोबांनी पितांबराची चिंधी कधीच सांगितली नसेल? मोरोपंतांची आर्या म्हटली नसेल? मोरोपंतांनी अख्खं महाभारत आर्यांमध्ये आणलं, त्याआधी मुक्तेश्वरांनी त्यातली पर्वं ओवीत आणली. दोघांनीही व्यासांच्या शब्दाला हात लावलाच होता. समोरच्या बाईच्या डोळ्यात पाणी यावं म्हणून तुमच्या आजोबांनीही तो लावला असणार, आणि तो प्रेमाचा होता. म्हणूनच त्यांचं वाक्य मला मनाई वाटत नाही. ‘तू कोण?’ हा मला खराच प्रश्न वाटतो. कीर्तनाला उभं राहणारा माणूस बुक्का लावतो, हार घालून घेतो, त्या जागेचा मान राखतो. तुम्ही कोण म्हणून उभ्या राहणार आहात, एवढंच ते विचारत असतील.

मग प्रामाणिक राहायचं ते कशाशी? माझं मत स्पष्ट सांगते. महाभारतातल्या घटना बदलता येतात, गाळता येतात, कुणा एकाच्या डोळ्यांनी दाखवता येतात. पण त्यातले जे प्रश्न ग्रंथानं उघडे ठेवले आहेत, ते आपण मिटवू नयेत.

द्रौपदीचाच प्रश्न घ्या. द्यूतात हरल्यावर तिला आणायला दुर्योधन आधी प्रातिकामीला पाठवतो. तो साधा निरोप्या, सूत. द्रौपदी त्याच्याबरोबर जात नाही. ती त्यालाच परत पाठवते: जा, सभेत त्या जुगाऱ्याला विचार, तू आधी कुणाला हरलास, स्वतःला की मला? युधिष्ठिर गप्प. पुढे तिला केस धरून ओढत आणलं जातं, आणि ती तोच प्रश्न सगळ्या सभेला विचारते. भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला याचा निवाडा करता येत नाही. विकर्ण, दुर्योधनाचाच भाऊ, उठून तिची बाजू घेतो. कर्ण त्याला गप्प करतो, द्रौपदीला उद्देशून अत्यंत हीन शब्द वापरतो आणि तिची वस्त्रं काढून घ्यायला सांगतो. शेवटी धृतराष्ट्र वर देतो, ती नवऱ्यांना सोडवते, तिसरा वर नाकारते. पण त्या प्रश्नाचं उत्तर? ते सभा देत नाही.

तुमच्या मैत्रिणींना हवी असलेली द्रौपदी बहुधा इथे एक दणदणीत भाषण करेल आणि प्रेक्षागृहात टाळ्या पडतील. तो मोह मी समजू शकते. पण भाषणानं उत्तर मिळाल्यासारखं होतं आणि सभा सुटते. तिनं प्रश्न विचारलाय, सभेत थोरामोठ्यांपैकी कुणी मान वर करत नाही आणि कॅमेरा त्यांच्यावरून हलत नाही, यात मला टाळ्यांपेक्षा कितीतरी जास्त आजचं दिसतं. तेव्हा ‘मूळ की आज’ ही निवड तुम्हाला करावी लागेल असं मला वाटत नाही. या दृश्यात दोन्ही एकाच जागी आहेत.

या प्रसंगाच्या चित्रणाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. तुमच्या चित्रपटाचं बरंवाईट इथेच ठरेल. ग्रंथ सांगतो की त्या वेळी ती रजस्वला होती, एकवस्त्रा होती. पडद्यावर हा तपशील सहसा गाळला जातो आणि उरतं ते फिरणारं, संपत न येणारं वस्त्र. कीर्तनात वस्त्र ऐकणाऱ्याच्या मनात वाढतं. पडद्यावर ते वाढताना दिसतं, आणि ते पाहणारे आपण नकळत त्या सभेतल्या बाकांवर जाऊन बसतो. ती ओढली जाताना कॅमेरा तिच्या अंगावर असेल, तर दुःशासनाच्या आणि आपल्या नजरेत फरक काय राहिला? प्रत्येक शॉट लिहिताना स्वतःला विचारा, आत्ता कोण बघतंय?

एक वाट सुचवते, पटली तर घ्या. हा सगळा प्रसंग त्या प्रातिकामीच्या बाजूनं लिहून बघा. तो दोन दालनांमध्ये ये-जा करतो. एकीकडे राणी प्रश्न विचारते, दुसरीकडे राजे गप्प आहेत. दुर्योधन त्याला पुन्हा जा म्हणतो तेव्हा तो घाबरतो आणि सभेलाच विचारतो, मी कृष्णेला (द्रौपदीला) काय सांगू? हे ग्रंथात आहे. एका नोकरानं राजसभेला विचारलेला हा प्रश्न आजवर पडद्यानं फारसा ऐकूच दिलेला नाही. त्याच्या मागे चालत जाणारा कॅमेरा, लांबच लांब दालन, दाराआडून येणारा आवाज. यातलं काहीही बेताच्या बजेटबाहेरचं नाही.

निर्मात्यांचं ‘सगळं हवं’ हे त्याहून सोपं आहे. दूरदर्शनवरच्या ‘महाभारत’ला १९८८ ते १९९० मध्ये ९४ भाग लागले. दिग्दर्शक पीटर ब्रुक यांचं महाभारतावरचं १९८५चं नाटक नऊ तासांचं होतं. तुमच्याकडे दोन तास आहेत. त्यात भीष्मप्रतिज्ञा ते स्वर्गारोहण बसवलंत तर प्रत्येक माणूस येऊन ओळख करून देईल आणि निघून जाईल. उलट १९५७चा तेलुगू ‘मायाबजार’ बघायला सांगा निर्मात्यांना. अभिमन्यूच्या लग्नाची गोष्ट, आपल्याकडे वत्सलाहरण म्हणून ओळखतात ती. व्यासांच्या ग्रंथात ती नाहीच. त्या अख्ख्या चित्रपटात पांडव पडद्यावर दिसत नाहीत, तरी महाभारत बघितल्याचं समाधान मिळतं. दक्षिणेत आजही लोक त्याचं नाव मायेनं घेतात.

युद्धाचं म्हणाल, तर ते कसं टाळावं हे व्यासच शिकवतात. दहाव्या दिवशी संजय रणांगणावरून धावत येतो आणि पहिल्यांदा सांगतो की भीष्म पडले. मग धृतराष्ट्र विचारतो, कसे पडले, आणि कथा मागे जाते. शेवट आधी सांगून टाकलाय, तरी पुढचं ऐकावंसं वाटतं. कारण कुणाचं काय झालं याची उत्सुकता महाभारताला कधी नव्हतीच. ते होऊ कसं दिलं, हे त्याला सांगायचं असतं. मुलांच्या मरणाची बातमी ऐकणारा आंधळा बाप आणि सांगणारा एक माणूस. दोन नट, एक खोली. संगणकावर बनवलेल्या दहा हजार सैनिकांपेक्षा हे जड भरेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण असे विचार करणारे पुष्कळ वाचक आहेत म्हणून लिहिते: कथा आजच्या कपड्यांत आणायची का? १९८१ साली श्याम बेनेगल यांनी ‘कलयुग’मध्ये दोन उद्योजक घराण्यांचं भांडण घेतलं आणि ते चाललं, कारण इस्टेटीची वाटणी आपल्याकडे घराघरांत महाभारत घडवते. त्याच्याही कितीतरी आधी, १९०७ साली, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं. कपडे पौराणिकच होते, पण प्रेक्षकांनी कीचकात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला ओळखलं, आणि १९१० साली सरकारनं नाटकावर बंदी घातली. कथेला आजची करायला जीन्स घालावी लागत नाही, हे मला खाडिलकरांकडून कळलं. तुमच्या बजेटला आधुनिक वेष सोयीचा आहे हे खरं, पण केवळ सोय म्हणून तो घेऊ नका. द्रौपदीचा प्रश्न पणाला लावलेल्या माणसाचा आहे. आजच्या घरात तिला पणाला लावणारा डाव कोणता, हे नेमकं सांगता आलं तरच तिकडे वळा.

भाषा हा दुसरा घाट. मालिकांमुळे आपल्या कानांना पिताश्री-माताश्रीची सवय झाली आहे. दुसऱ्या टोकाला, २०२३ साली ‘आदिपुरुष’मधले काही संवाद प्रदर्शनानंतर बदलावे लागले, कारण हनुमानाच्या तोंडची गल्लीतली बोली लोकांना सहन झाली नाही. या दोन्हींच्या मधली मराठी आपल्याकडे तयार आहे, फक्त ती पुस्तकात कमी आणि कानांत जास्त आहे. सिंधुदुर्गात किंवा गोव्यात जत्रेच्या दिवसांत एक दशावतारी नाटक रात्रभर बसून ऐका. त्यांच्याकडे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं आणि नट उभ्याउभ्या बोलतात. राजा राजासारखा बोलतो, तरी समोर बसलेल्या शेतकऱ्याला शब्द अडत नाही. असा तोल टेबलाशी बसून सापडत नाही, म्हणून जायला सांगते.

आता धास्तीबद्दल. दुखावले जाणारे लोक दोन प्रकारचे असतात, असा माझा अनुभव आहे. काहींचं या कथेवर खरोखर प्रेम असतं. आपल्या देवघरातली वस्तू कुणी निष्काळजीपणानं उचलली तर जसं वाटेल तसं त्यांना वाटतं. त्यांचं ऐकलं पाहिजे, आणि तेही चित्रीकरणाच्या आधी. पटकथेचं वाचन करा. त्याला एखादा संस्कृतचा जाणकार, एखादे कीर्तनकार, दोन कॉलेजच्या मुली आणि एखादी तुमच्या आईच्या वयाची बाई बोलवा. जिथे हे सगळे अस्वस्थ होतात ती जागा पुन्हा लिहा. एकालाच टोचतंय तिथे थांबून विचार करा, पण लगेच खोडू नका. दुसऱ्या प्रकारच्या लोकांना गोंगाट हवा असतो. त्यांच्यासाठी लिहिता येत नाही आणि त्यांना भिऊनही लिहिता येत नाही. कायद्याचं म्हणाल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९मध्ये (पूर्वीचं २९५-अ) धार्मिक भावना जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं दुखावण्याची भाषा आहे. तुमचा हेतू काय होता, हे दाखवणारी एक वही आजपासून ठेवा: प्रत्येक दृश्य कुठून आलं, चिकित्सक आवृत्तीतून, लोककथेतून की तुमच्या कल्पनेतून, आणि का घेतलं. करारावर सही करण्याआधी ती वकिलांनाही दाखवा.

याच वहीचा आणखी एक उपयोग आहे, आणि मराठी लेखकांनी तर तो करायलाच हवा. आपल्यापैकी अनेकांच्या मनातला कर्ण व्यासांचा नसतोच. तो शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मधला असतो. द्रौपदी इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’मधली असते. हे इतकं आत मुरलंय की लिहिताना ते आपलंच वाटतं. महाभारतावर कुणाचा मालकी हक्क नाही, पण कादंबरीवर आणि भाषांतरावर असतो. लेखकाच्या हयातीनंतरही तो ६० वर्षं चालतो. तुमच्या २१४ पानांतला जो प्रसंग व्यासांकडे सापडणार नाही, तो कुठून आला हे शोधा. दुसऱ्याचा निघाला तर रीतसर परवानगी घ्या किंवा सोडून द्या.

आणि अधिकाराचं. तुम्ही मुलगी म्हणून द्रौपदीवर लिहिण्याचा अधिकार आपोआप मिळतो, असं मला वाटत नाही. कीर्तनकाराची नात म्हणूनही नाही. सभापर्व पहिल्या श्लोकापासून शेवटच्या श्लोकापर्यंत वाचलेलं असणं, हे मात्र मला अधिकारासारखं वाटतं. संस्कृत येत नसेल तर चिपळूणकर मंडळींनी काढलेलं मराठी भाषांतर मोठ्या ग्रंथालयांत मिळतं. त्यासोबतचा भारताचार्य चिंतामणराव वैद्यांचा उपसंहारही वाचा.

हे सगळं तुम्ही एका दमात करू नका. २१४ पानं फाडू नका, नुसती बाजूला ठेवा. पंधरा दिवस फक्त द्यूताचा आणि अनुद्यूताचा (दुसऱ्यांदा मांडलेल्या द्यूताचा) भाग वाचा. मग दोन पानांत लिहा: चित्रपट सुरू होतो तेव्हा पट मांडलेला आहे, संपतो तेव्हा ते वनाकडे निघाले आहेत. ही दोन पानं निर्मात्यांकडे न्या, सोबत खर्चाचा अंदाजही न्या. युद्ध नाही म्हटल्यावर ते नाराज होतील, पण अंदाज वाचल्यावर थोडे कमी होतील. तरीही ते हटून बसले तर हा चित्रपट त्यांच्यासोबत करू नका. त्यांना हवी असलेली गोष्ट वेगळी आहे आणि ती तुम्ही आणखी अकरा महिने लिहीत राहाल.

त्याआधी गावी जा. आजोबांकडून परवानगी मागू नका, पटकथाही दाखवू नका. त्यांना म्हणा, आजोबा, वस्त्रहरणाचं आख्यान लावा, मला पहिल्यापासून ऐकायचंय. फोनवर रेकॉर्ड करू का, तेही विचारा. ८४ वर्षांच्या माणसाचा आवाज आहे. आख्यान संपल्यावर, ते पाणी पीत असताना, त्यांना विचारा की भीष्मांनी त्या दिवशी काय उत्तर द्यायला हवं होतं. ते जे सांगतील ते मला कळवाल का?